ओलं पडून आहे : चाळीस

भाचा : नाव म्हणजे वस्तूचा आत्मा असतो, मावशी. संगणकाच्या या पडद्यावरच्या एकेका आकड्याचं नाव मी आठ-आठ दिवस विचार करून ठेवलंय. आणि तू त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्यास?

मावशी : तुझा आत्मा वाचता येईना, म्हणून. आणि हळू खरवड. ओरखडा पडला तर माझ्या नावावर जाईल.

भाचा : 'पोस्ट वॉश बॅकलॉग'. यात न कळण्यासारखं काय आहे?

मावशी : मागच्या महिन्यात वरच्या ओळीत शून्य दिसलं. म्हटलं, चला, सगळं वाळलं. डबा उघडून जेवायला बसले.

भाचा : वरची ओळ धुवायच्या कपड्यांची! वाळवायचे खालच्या, बॅकलॉगच्या ओळीत होते.

मावशी : ते ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना सांग. हिरवे डगले ओलेच, पेशंट टेबलावर, सगळं दीड तास खोळंबलं. मेमो मला आला, तुझ्या बॅकलॉगला नाही. दुसरा आला की या धुलाईघरातून उचलून मला भांडारात बसवतील. बावीस वर्षं काढलीत मी इथे.

भाचा : आणि आज चारला साहेब ठरवणार, पडदा ठेवायचा की काढायचा. काढला, तर माझं दोन वर्षांचं काम गेलं.

मावशी : म्हणजे आपण दोघं एकाच दोरीवर वाळतोय.

भाचा : बघू तरी. 'यंत्र रिकामं बसलंय'. 'ओलं पडून आहे'. मावशी, ही काय नावं झाली?

मावशी : थांब. अगं, इस्त्री ठेव आणि इकडे ये! हिने आजवर या पडद्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही.

इस्त्रीवाली : मला नका त्यात ओढू. मला इंग्रजी येत नाही आणि त्याला इस्त्री येत नाही.

मावशी : नुसतं वाच.

इस्त्रीवाली : ओलं पडून आहे... चाळीस. अगं बाई, चाळीस? आणि तीन नंबरचं वाळवायचं यंत्र रिकामं? मग गप्पा कसल्या मारताय? सरका!

(ती ओल्या कपड्यांची ढकलगाडी घेऊन जाते.)

भाचा : हे समजावायला मी तीन तासांचं प्रशिक्षण ठेवलं होतं.

मावशी : आलो होतो की आम्ही. चहा चांगला होता.

भाचा : बरं बाई, तुझीच नावं घालतो. पण ही शेवटची चिठ्ठी? 'भानगड'?

मावशी : तिच्याखाली तुझं काय आहे?

भाचा : 'टेम्प काउंट टू'. हे... माझंच आहे. तात्पुरतं म्हणून ठेवलं होतं, कशासाठी ते आठवत नाही.

मावशी : आत्मा विसरलास होय? एरवी तिथे आकडा एक असतो. दोन झाला की पाच मिनिटांत साहेबांचा ओरडायला फोन येतोच. दोन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. दोन दिसला की आम्ही कप लपवतो.

भाचा : थांब, आत शोधतो... सापडलं. मावशी, हा आकडा कपड्यांचा नाहीच. हा पडदा एका वेळी किती ठिकाणी उघडा आहे, ते मोजतोय. एक इथे भिंतीवर. दुसरा साहेबांच्या टेबलावर.

मावशी : बघ, मी काय म्हणत होते!

भाचा : मग 'साहेब बघताहेत' असंच नाव देऊ?

मावशी : ते साहेबांनाही दिसेल, शहाण्या. भानगडच राहू दे.

इस्त्रीवाली : (लांबून) ओलं शून्य झालं का बघा!

भाचा : झालं! मावशी, आणि भानगड किती?

मावशी : दोन. मघापासून दोनच आहे; चाळीसचं शून्य झालेलं साहेबांनी पाहिलं. फोन नाही आला.