हजेरी विशाखाची

—नाय नाय, घर बरोबर सापडलं तुम्हाला, मॅडम. विशाखा खरात इथंच राहती, दारावर पाटी माझ्या नावाची आहे एवढंच — मोतीराम खरात, मी तिचा नवरा. या, आत या. चप्पल राहू द्या पायात, फरशी आज पुसलेलीच नाय, पाणी कालपासून जपून चाललंय, टँकर उद्या आहे. चिकलठाण्याच्या ह्या बाजूला बिल्डिंगा आधी आल्या, पाइपलाइन यायचीय अजून. बसा. ती येईलच — ड्यूटी पाचपर्यंत, पण इन्चार्ज सिस्टरचे पाच म्हणजे कधी साडेपाच, कधी साडेसहा. पेशंट काय घड्याळ बघून सीरियस होतो का? नाय होत. चहा ठेवलाय. तुम्ही एवढ्या पुण्याहून आलात — आणि खरं सांगू, पूर्ण तुम्हाला बघून कसंतरीच वाटतंय, आत्तापर्यंत स्क्रीनवर खांद्यापर्यंतच बघितलेलं, मागं ते पुस्तकांचं कपाट, त्याच्यावर मनीप्लांट — म्हणजे विशाखा म्हणायची. आमच्या चारुता मॅडम खांद्यापर्यंतच दिसतात, असं म्हणायची ती. खोकला कसाय आता? डिसेंबरात त्या बुधवारी किती खोकत होतात, तरी तास सोडला नाय, मधीच कॅमेरा बंद करून पाणी प्यायलात — हे पण तिनंच सांगितलं. मी कशाला बघतोय? मी आपला…

असं का बघताय माझ्याकडं?

बरं. चहा घ्या आधी. साखर कमी टाकलीय. सांगतो. तसं पण तुम्ही हुशार बाई, फोनवरच ओळखलं असेल — फॉर्मवर नंबर विशाखाचा आणि उचलला गड्यानं. त्या नंबरवर गेलं वर्षभर मीच आहे. तुमचं ते माहितीपत्रक आठवा — नर्स, फिजिओ, समाजसेवक, सगळ्यांसाठी, नोकरी सांभाळून शिका, तुमच्या सोयीनं शिका, लवचिक पदव्युत्तर डिप्लोमा. लवचिक! आणि तास कधी, तर सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते सहा. आणि हजेरी पंचाहत्तर टक्के. आता चारला ही आयसीयूत, हिच्या हाताखाली सहा पोरी आणि अकरा पेशंट. मग कोणीतरी वाकायला पाहिजेच ना? मी नुकता रिटायर झालेलो, गिअरच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून. घरात लवचिक म्हणावं असं मीच एकटा होतो. ती म्हणली, ‘तुम्ही फक्त लॉगिन करा, नाव घेतलं की ते हाताचं चित्र दाबा, कॅमेरा बंद ठेवा आणि तोंड उघडू नका.’ तीस वर्षांच्या संसारात एवढी सोपी कामगिरी तिनं कधी दिली नव्हती मला.

पहिले दोन तास मी पेपर वाचला. खोटं कशाला बोलू — तुम्ही तिकडं बोलताय, मी इकडं भाव बघतोय, कापसाचा आणि सोन्याचा, दोन्ही आपल्याकडं नाय. तिसऱ्या तासाला तुम्ही म्हणालात, जो पेशंट बरा होणार नाय त्याच्यावरचं काम संपलं असं सगळे समजतात, आणि खरं काम तिथंच सुरू होतं. मी पेपर खाली ठेवला. का ठेवला? ते नंतर सांगतो. कारखान्यात मी क्वालिटीला होतो, ऐकलं ते लिहून काढायची सवय — सात वह्या झाल्या, मॅडम, दोनशेपानी. हिनं बसमध्ये, रविवारी, त्याच वह्या वाचल्या आणि परीक्षा दिली. परीक्षा तिची हां! पुण्याला जाऊन, ओळखपत्र दाखवून, दोन दिवस. त्यात काडीचा घोटाळा नाय. फर्स्ट क्लास तिचा, हजेरी माझी. कापायची तर हजेरी कापा, फर्स्ट क्लासला हात लावू नका. तिला वॉर्ड काढायचाय — बरे न होणाऱ्यांचा — हॉस्पिटलवाल्यांनी होच म्हणलंय जवळजवळ, ह्या डिप्लोमाच्या कागदावर अडलंय सगळं.

तोंड उघडू नका म्हणली होती, आणि मी नायच उघडलं. बोट उघडलं फक्त. तुम्हीच विचारलंत — ‘विशाखाताई, तुम्ही गप्प असता, लिहा बरं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घरच्यांना काय शिकवाल?’ आता काय करू? मायक्रोमीटर धरून गिअर मोजणारा माणूस मी. लिहिलं. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती राहू देऊ नका, आणि कूस बदलताना माणसाशी बोला, पोत्यासारखं मुकाट्यानं उलटं करू नका. तुम्ही ते चाळीस जणांना वाचून दाखवलंत. नाशिकचे ते श्रीरंग फिजिओ, त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, म्हणाले विशाखाताई, तुमच्यासारखी नर्स प्रत्येक घरात पाहिजे. एकतीस वर्षांत कंपनीच्या बोर्डावर एकदाच माझं नाव लागलं, ते पण मोतीलाल म्हणून. आणि इथं — मग काय, सवय लागली. सोमवार कधी येतो असं व्हायला लागलं. ही घरी आली की विचारायची, लावली का हजेरी? मी म्हणायचो, लावली. पुढचं सांगायचो नाय. सांगितलं असतं तर बंद केलं असतं तिनं.

नाय, पुस्तकातलं नव्हतं ते. बघितलेलं होतं. आमच्या दादांना — माझ्या वडलांना, सांडू खरात — ही तशीच कुशीवर वळवायची, बोलत बोलत. ‘दादा, आता खिडकीकडं तोंड करू, बघा कावळा आलाय तुमचा.’ मी दारात उभा राहून बघायचो. दारात का? आत जायला काय झालं होतं? खुर्ची होती की पलंगापाशी. तिच्यावर बसायचो नाय.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. गंगापूरकडं गावी होते, इकडं आणलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच आवाज यायचा तोंडातून, औताच्या बैलाला हाकताना करतात ना, तसा — हाऽ, हाऽ. आख्ख्या गावात ज्याच्या आवाजाची धास्ती, त्या माणसाचा. त्यांचं अंग पुसायचं, लंगोट बदलायचा, सगळं सुनेनं. सकाळी ही ड्यूटीवर गेली की शेजारच्या केसरबाई बसायच्या, अडीचला ही यायची, साडेतीनला मी. आणि मी आलो की काय करायचो? आता हसाल तुम्ही. त्या साली दुष्काळ होता, आठवतंय? ह्या वर्षी आहे त्याच्यापेक्षा वाईट. दुष्काळानं लोकांचं वाटोळं केलं, मॅडम, माझी सोय केली. गल्लीत टँकर यायचा, दुपारनंतर, दिवसाआड, आणि मारामाऱ्या — हंड्यावर हंडे. मी म्हणलं, थांबा, मी यादी करतो, मी लाइन लावतो, पाइप मी धरतो. टँकर नसेल त्या दिवशी टँकर उद्या कधी येणार ते विचारायला नाक्यावर जायचो. लोक म्हणायचे, खरात म्हणजे सोन्यासारखा माणूस, घरात बाप अंथरुणाला खिळलाय तरी गल्लीसाठी राबतो. ‘तरी’ नाय हो, मॅडम. ‘म्हणून’. बाप अंथरुणाला खिळला म्हणून.

जूनची सहा तारीख. टँकर आलेला, आमचा नंबर लागलेला, दोनशे लिटरचा निळा ड्रम, अर्धा झालेला. हिनं गॅलरीतून हाक मारली — ‘अहो, वर या.’ मी म्हणलं, अर्धा झालाय, आलोच. परत हाक. ‘वर या म्हणते ना.’ मी म्हणलं, पाइप सोडला तर नंबर जाईल. आता तुम्ही म्हणाल, यादी तुमची, लाइन तुमची, तुमचा नंबर कोण घेणार होतं? कोणीच नाय. सांडू खरातच्या पोराला कोणीपण म्हणलं असतं, जा बाबा वर. मला कळलं होतं ती कशाला बोलावतीय. नर्स आहे ती, उगं दोनदा हाक मारणार नाय. मी ड्रम भरला. काठोकाठ भरला. झाकण लावलं, वर दगड ठेवला. मग जिना चढलो.

तोपर्यंत तिनं त्यांचे डोळे मिटवले होते, हनुवटी बांधली होती. माझ्याकडं बघून म्हणली, ‘हात धुऊन या.’ एवढंच. त्याच ड्रमातल्या पाण्यानं दादांना आंघोळ घातली. माणसं म्हणली, बरं झालं बाबा, पाणी होतं घरात. पाच वर्षं झाली. ती काय बोलली नाय, मी काय विचारलं नाय. भाजी काय आणू, गॅस कधी संपला, सगळं बोलतो आम्ही. चांगलं चाललंय तसं.

आणि तुम्ही काय दिलंत शेवटच्या स्वाध्यायाला? ‘माझ्या घरातला एक मृत्यू — आम्ही कुठं कमी पडलो.’ वीस मार्कांना! मी हिला म्हणलं, हे तूच लिही. ती म्हणली, वेळ कुठंय मला, वह्यांतलं बघून लिहा काहीतरी आणि टाकून द्या. मी मोबाइल घेऊन बसलो. वह्यांतलं एक वाक्य लिहवेना. मग लिहिलं — ‘माझे सासरे गेले तेव्हा माझा नवरा खाली पाणी भरत होता.’ ते लिहिल्यावर पुढचं आपोआप आलं. एका बोटानं, चार दिवस. टँकर, यादी, ड्रम, सगळं खरं. फक्त खोलीतलं — खोलीत मी कुठं होतो? ते मनानं लिहिलं. सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला, दाराकडं एकदा बघितलं आणि शांतपणे गेले. आणि शेवटी — तुम्ही ज्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय, बघितलं मी मघाशी तुम्ही ही स्वाध्यायाची छापील पुस्तिका उघडलीत तेव्हा — ‘नवऱ्याला मी केव्हाच माफ केलंय, त्या दिवशी घरात पेशंट एक नव्हता, दोन होते.’ चांगलं वाक्य आहे. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणालात फोनवर. माझ्याही आलं होतं, लिहिताना. पण ते तिचं नाय, मॅडम. तिनं असं कधी म्हणलेलं नाय. माफी मागायची हिंमत झाली नाय माझी, म्हणून तिच्या नावानं मीच देऊन टाकली. लॉगिन तिचंच होतं ना.

किती छापल्यात ह्या? तीनशे? सगळ्या विद्यार्थ्यांना गेल्या? आणि पदवीदानाला स्टेजवर तिनं वाचून दाखवायचंय — हो, तुम्ही फोनवर म्हणालात, मीही हो म्हणलं, फोनवर माणूस काय पण हो म्हणतो. तिनं एक ओळ वाचलेली नाय ह्यातली. म्हणून म्हणतो, असं करा, पुस्तिका पर्समध्ये ठेवा. चहा झालाय तुमचा. तिला म्हणा, सहज आले होते, सत्कार करू, शाल देऊ. छपाईत चूक झाली म्हणा. हजेरीबद्दल जे काय पत्र काढाल ते मला पाठवा, माझ्या नावानं, मी लिहून देतो सगळं, पाहिजे तर शंभराच्या बाँडवर. फक्त हे तेवढं —

थांबा. जिन्यात तीच आहे.

आलीस? अगं, ह्या चारुता मॅडम, पुण्याच्या. हो, त्याच. तुला भेटायला आल्यात. पाणी पी आधी. नाय, ते काय नाय, संस्थेचं पुस्तक आहे, असंच… विशाखा, पर्स तरी खाली ठेव. मॅडम, तुम्ही कशाला — बरं. दिलंत ते दिलंत. वाच.

बिस्किट घ्या, मॅडम. ती लवकर वाचती. चार्ट वाचून वाचून सवय आहे. उभ्यानंच वाचती.

हं? … व्हय. मीच लिहिलंय. … तूच म्हणलीस ना, लिहा काहीतरी. … नाय, मॅडमला माहीत नव्हतं, आत्ता सांगितलं. … काय ‘असं नव्हतं’? ड्रमचं? ड्रमचं तर बरोबर आहे, अर्धाच होता तेव्हा. … मग कुठलं? … हात? हात नव्हता धरला त्यांनी? … म्हणजे तू — त्यांनी झटकला? का झटकला? … दाराकडं नाय? मग कुठं बघत होते? … गॅलरीतून, खाली? तू त्यांना गॅलरीत कशी — उचलून? एकटीनं? … म्हणजे तू हाक मारत होतीस तेव्हा दादा तिथंच… मी वर बघितलंच नाय, विशाखा. पाइपाकडं बघत होतो मी.

थांब. एक मिनिट थांब, पुढचं सांगू नको. मॅडम, तुम्ही या आता. डिप्लोमाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, कळवा. जिन्यात दिवा नाय, सांभाळून उतरा. आणि दार ओढून घ्या तेवढं.

हां. सांग.