पहिल्या वर्षाची कॅसेट

जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणाऱ्या दुकानात माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

“आई, जॅझ महोत्सवाच्या इतिहासासाठी पहिल्या वर्षाची ही एकच कॅसेट मिळालीय. त्यातही ऐन ब्लूजमध्ये कुणाचंतरी पोर भोकाड पसरतं.”

“तान्हं होतं गं ते.”

“तान्ह्या पोराला तिथे आणतं कोण? तेवढं कापायला सांगते.”

“मुळीच नको. सॅक्सोफोनवाल्याने तोच सूर उचलला आणि पुढे दहा मिनिटं खुलवला.”

“हो, तो तुकडा तर सगळ्यात सुंदर आहे. पण तुला कसं माहीत?”

“तुझे बाबा ड्रमवर, मी विंगेत. तुला ठेवणार कुठे?”

“अगं बाई!”

“वादकांच्या यादीत किती नावं लिहिलीस?”

“चार.”

“पाच कर.”