मशिनीत अडकलेली अक्षत

नाव माझं कौसल्या, पन कौसल्या म्हनून मला आजवर कुनी हाक मारली न्हाई बघा, माहेरी कौशे आन हितं कौसाबाई. माहेर शेवगावच्या अंगाला, नुसतं कोरडं रान, बाजरी आन दगूड. लगीन झालं आन घोडेगावला आले ती हितलीच झाले. सासरी दोराचं काम. रान हुतं थोडं, पन मालकांना बाजाराचाच नाद, जनावराच्या बाजारात आमचं पाल असायचं, कासरे, दावी, म्होरक्या, घुंगरं, बैलाच्या गळ्यातलं गोंडं. मालक इकायचे आन मी घरी गोंडं बांधायची. आजबी बांधते. ही बोटं बघा, कशी वाकडी झाल्यात.

मालकांना कावीळ झाली आन ते गेले. संतोष, माझा एकुलता एक, तवा साळंत हुता. मंग काय करता, मीच पालावर बसले. बाया बसत नव्हत्या तवा बाजारात, पन पोटाला काय सांगायचं. आन लोक वाईट न्हाईत हो, माल घ्यायचे, कौसाबाईच्या हातचा दोर तुटत न्हाई म्हनायचे. पन काय सांगू तुमाला ताई, नवा बैल घेतला की तेला तिथंच म्होरकी घालत्यात आन कपाळाला कुंकू लावत्यात, तर कुंकवाची येळ आली की मी आपली मागं सरकायची. कुनी सर म्हनायचं न्हाई. मला मपलंच कळायचं. दोर माझ्या हातचा चालायचा, कुंकू न्हाई चालायचं. संतोषच्या लग्नात बी तेच, पोराला हळद जावंनं लावली आन मी भांड्याच्या खोलीत लाडू मोजत बसले. तवा मला तेचं वाईट बी वाटलं न्हाई, असंच असतंय म्हनलं.

सून आली ती शीतल. लग्नाआधी ती नगरला कम्प्युटरच्या दुकानात कामाला हुती, मशिनी जोडायच्या, खोलायच्या, सगळं तिला येतं. संतोष सुप्याला कंपनीत लागल्याला. दोघांचं लई जमायचं. रातच्याला जेवताना बी कम्प्युटरचंच बोलनं, आपन आपली मशीन जोडू, तू लग्नाच्या शूटिंगचं काम घे, घरबसल्या कर. मला त्यातलं काय कळायचं न्हाई, पन पोराचं हसनं कळायचं.

मंग ते झालं. ड्युटी सुटल्यावर गाडीवरनं येत हुता. मी तेचं जास्त सांगत न्हाई ताई, सांगितलं तर मंग पुढचं सांगायचं ऱ्हाऊन जाईल. नात तवा नुकतीच बोलायला लागल्याली.

आता घरात आमी दोघी, आन दोघी बी तशाच. दोन वर्सं गेली, नात बालवाडीला जायला लागली. मंग शीतलचा भाऊ यायला लागला. भला मानूस हाय तो, तेचं बी बहिनीवर आतडं हाय, तो म्हनायचा, शीतल, हितं राहून काय करती, पोरगी घेऊन चल, तिकडं बघू कायतरी. कायतरी बघू म्हंजे काय ते मला कळत नव्हतं का. बरोबरच हुतं तेचं, सव्वीस वर्साची पोर. मी तोंडानं म्हनायची, जा बाई, माझी काळजी करू नगं. आन रातच्याला नातीचा पाय माझ्या अंगावर पडला की वाटायचं, उद्या ह्यो पाय नसला तर मी झोपायचं कसं.

शीतलच्या मनात जायचं नव्हतं. ती म्हनली, दादा, मला माझ्या हातचं काम दे, मंग बोल. हितल्या फोटो स्टुडिओवाल्यानं तिला सांगितलं हुतं, तुळशीचं लगीन झालं की माझ्याकडं शूटिंगचा ढीग पडतो, तुझी सवताची दमदार मशीन आसंल तर सगळे व्हिडिओ तूच जोडत जा. तवा भावानं कबूल केलं, बरं, दिवाळी झाली की रविवारी मी येतो, मशीन चालू दिसली तर मी पुन्हा तुला चल म्हननार न्हाई, न्हाईतर मातर त्याच दिशी पिशवी भरायची. शीतल हो म्हनली. मी तवापासनं दिस मोजायला लागले.

मंग तिनं नगरहून एक एक नग आनला. तयार घेतली तर साधी मिळती म्हनं, जोडून घेतली तर दमदार हुती. बाजंवर ती पत्र्याची पेटी आडवी ठेवली आन लागली जोडायला. मी गोंडं बांधत बघत बसायची. आत एक मोठी पाटी असती, तिला मदरबोर्ड म्हनत्यात. मी म्हनलं मदर म्हंजे आयच की गं. व्हय आत्या म्हनली, सगळं तिच्यावरच बसतंय. हसली. लई दिसांनी हसली बघा.

सगळं बसवून झालं, नुसत्या दोन पट्ट्या ऱ्हाइल्या, रॅम म्हनत्यात त्यांला, मशिनीच्या ध्यानात ठेवायची जागा ती. तेवढ्यात आमच्या थोरल्या जाऊबाई आल्या. नवीन वस्तूची पूजा नगं का. आन पूजा करायची तर सवाष्नीच्या हातानं, तसं त्या बोलल्या न्हाईत पन ताट घेऊनच आल्या. जाऊबाईचं काळीज वाईट न्हाई हो, मालक गेले तवा चुलीवर भाकर तेंचीच हुती. शीतल म्हनली, थोरल्या आत्या, जरा थांबा, झाकन लावू द्या. पन जाऊबाईच्या घरी पाव्हने आल्याले, तेंला घाई. तेंनी पेटीला हळद-कुंकू लावलं, नारळ ववाळला आन मूठभर अक्षता उघड्या मशिनीत टाकल्या. आमी दोघी मागं सरकून भिताडाला टेकलो हुतो. म्हंजे बघा, मशीन जोडली शीतलनं आन शीतलच मागं.

जाऊबाई गेल्यावर तिनं सगळे तांदूळ येचून काढले, फुंकर मारली, मऊ कापडानं झाडलं. मंग त्या दोन पट्ट्या बसवल्या आन बटन दाबलं.

आत पंखं फिरायला लागलं, लाल-निळं दिवं लागलं. मी हात जोडलं. पन पडदा काळा. काळा म्हंजे काळाच. थोड्या येळानं त्यावर इंग्रजीत काय तरी आलं आन पुन्हा काळा. शीतल म्हनली, आत्या, मशीन जागी झाली पन बोलंना.

तिनं काय काय केलं म्हनून सांगू. आधी वायर बघितली, हिकडची तिकडं लावली. मंग तो पडदा टीव्हीच्या डब्याला जोडून बघितला तर त्यावर मालिका चालू झाली, म्हंजे पडदा नीट. मंग एक जाड कार्ड काढून वायर थेट पाटीला लावली. काळा. घड्याळाच्या सेलासारका एक सेल असतो, तो काढला, थांबली, पुन्हा घातला. काळा. मंग पोरीच्या दप्तरातलं खोडरबर घेतलं आन त्या रॅमच्या पट्ट्यांची पिवळी कड घासून घासून पुसली, नगरच्या दुकानात असंच करायचो म्हनली. पुन्हा बसवल्या. काळा. एक काढून दुसरी तिथंच लावली. तरी काळा.

दुसऱ्या दिशी जाऊबाई बघायला आल्या, संगं शेजारची एक. पडदा काळाच बघितला. मंग शेजारची म्हनली, हळूच म्हनली पन आयकू आलं, नव्या वस्तूला तसला हात लागला की असंच व्हतंय, आधी सवाष्नीनं चालू करायची हुती. जाऊबाईंनी मान हलवली. शीतलच्या हातात तवा पेचकस हुता. तिनं तो खाली ठेवला आन मोरीत जाऊन तोंड धुतलं, लई येळ धुतलं.

ताई, मला आयुष्यात लई जनांनी लई बोललंय. पांढऱ्या कपाळाची म्हनलंय, मी गिळलंय. पन त्या दिशी माझं अंग पेटलं. मी म्हनलं, बयो, हातानं काय व्हत असतं तर माझ्या हातच्या दोरानं बांधल्यालं एक बी जनावर गोठ्यात ऱ्हायलं नसतं. जाऊबाई म्हनल्या, आगं कौसे, तिचं काय मनावर घेती. आन त्या उठून गेल्या. मंग मीच रडले. पेटून बोलले खरं, पन पडदा तर काळाच हुता ना, आन रविवार तोंडावर.

शीतल म्हनली, आत्या, पाटीच गेली आसंल, परत धाडावी लागंल, रविवारच्या आत काय येनार न्हाई. आन उठून तिनं खुंटीची पिशवी काढली आन पोरीचे फ्राक घडी करायला लागली. मी आपली गोंड्याचा धागा दातानं तोडत बसले.

चार फ्राक झाले आसतील, तर ती मधीच थांबली. म्हनली, आत्या, पट्टी बसवताना दोन्ही अंगाला टक् वाजतंय, मला एकाच अंगाचं टक् आठवतंय. फ्राक तसाच टाकून उठली, रॅम काढली, मोबाइलची बत्ती लावली आन माझ्या हातात दिली, आत्या, हितं धरा, हलवू नका. ती खाली वाकली. मला तिचा श्वास आयकू येत हुता. मंग म्हनली, आत्या, तांदूळ हाय.

ज्या फटीत ती पट्टी बसती, तिच्या पार तळाला, लाल. कुंकवानं लाल झाल्यामुळं दिसला तरी, पांढरा असता तर दिसला बी नसता. म्हनली बारीक काय तरी द्या, पन लोखंडाचं नगं. सुई चालत न्हाई, दाभन चालत न्हाई, आन माझ्या घरात तर समदं तेच. मंग मी मागच्या बाभळीचा काटा तोडून आनला. त्या काट्यानं तिनं तो दाना वर आनला आन माझ्या तळहातावर ठेवला.

तो दाना नव्हता ताई. कनी हुती. अर्धी, तुटकी. सगळा दाना त्या फटीत मावलाच नसता, तुटका हुता म्हनून आत गेला. अक्षता म्हंजे काय, तर न तुटल्याला तांदूळ. मला माझ्या आयनं शिकवलंय, अक्षतांचं तांदूळ निवडून घ्यायचं, देवाला तुटकं चालत न्हाई. पाव्हन्याच्या गडबडीत जाऊबाईंनी डब्यातलं तसंच घेतलं आसंल. आन हितं आमी दोघी दोन दिस मपल्याच हाताकडं बघत बसल्यालो, की आमच्यातच काय तरी तुटकं हाय म्हनून.

तिनं पट्टी दाबली. ह्या अंगाला टक्, त्या अंगाला टक्. बटन दाबलं. पडदा उजळला. शीतल मट्कन खाली बसली आन माझ्या मांडीत डोकं घालून रडली, संतोष गेल्यावर बी अशी रडली नव्हती, तवा तिला रडायला कुनी सवडच दिली नव्हती. मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवत ऱ्हायले. माझ्या दुसऱ्या मुठीत ती कनी हुती.

रविवारी भाऊ आला. बघितलं. पडद्यावर तिनं संतोषचा आन पोरीचा फोटो ठेवला हुता. तो बघत उभा ऱ्हायला, मंग च्या प्याला आन म्हनला, बरं शीतल, शब्द तो शब्द. जाऊबाई बी आल्या, म्हनल्या, बघ, देवानं आयकलं, माझ्या पूजेचा गुन आला. माझ्या जिभंवर आल्तं. शीतलनं माझ्याकडं बघून मान हलवली, नगं आत्या. मी गिळलं.

आता दिसभर घरात लग्नं चालत्यात. ज्या मांडवात आमाला कुनी पुढं उभं करीत न्हाई, तिथलं मंगलाष्टक, तिथल्या अक्षता, तिथल्या नवरीचं रडनं, सगळं शीतलच्या हाताखालनं जातं. कुनाचं हसनं ठेवायचं आन काय कापायचं ते ती ठरवती. शेजारची बाई बी पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ आमच्याकडंच घेऊन आली. शीतलनं लई चांगला करून दिला.

परवाच्या खंडेनवमीला जाऊबाई ताट घेऊन आल्या, दरसालासारक्या. मशीन पुसून ठेवल्याली. मी उठले आन तेंच्या हातातलं ताट घेतलं. म्हनलं, बाई, तुमी बसा. आन शीतलच्या हातात दिलं. घेता घेता हळदीची वाटी कलांडली. मी म्हनलं, तूच जोडली, तूच बरी केली, पूजा कुनी करायची मंग. जाऊबाई उभ्याच. मला वाटलं आता निघून जात्यात. मंग शीतल म्हनली, थोरल्या आत्या, औंदा झाकन लावलंय. जाऊबाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन काय समजल्या देव जाने, पदर तोंडाला लावला आन बाजंवर बसल्या. शीतलनं कुंकू लावलं. मशिनीला लावलं, माझ्या दोर वळायच्या चातीला लावलं. मंग मी बी लावलं. बाजारात पंचवीस वर्सं मागं सरकल्याली मी, पहिल्यांदा पुढं सरकले.

झालं, एवढंच हाय माझं. तुमच्या त्या मोबाइलात आवाज आला का बघा आधी, न्हाईतर घरी जाऊन बघाल तर अंधार. आन थांबा, अशा जाऊ नका. ह्या वाटीतल्या अक्षता खंडेनवमीच्याच हायेत, सकाळच्या उन्हात बसून मी एक एक दाना निवडलाय, एक बी तुटका न्हाई. आमच्या हातच्या हायेत. चालत्यात ना तुमाला? मंग पदर धरा पुढं.