तिसऱ्या अंकातली बेडी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती सहायक फौजदार रघुवीर साळेकर साहेब, त्यांच्या सौभाग्यवती गोदावरीकाकू आणि समस्त पोलादपूरकर बंधुभगिनींनो,

हे भाषण लिहायला मला पंधरवडा दिला होता. लिहिलं आज सकाळी, महाडहून येताना टेम्पोत. त्यातही वाटेत नसलेल्या नाते गावाला जाऊन आलो, कारण मित्राची म्हैस व्यायलेली आणि खरवस... असो.

साहेबांची माझी ओळख कुडपणच्या जत्रेतली. मी नाटकाचा प्रॉम्प्टर. साहेब आले होते तिथल्या भिकूला धरायला. बकऱ्या चारण्यावरून मारामारी, मग कोर्टाच्या तारखा चुकवल्या, म्हणून पकड वॉरंट. भिकू एरवी रानात. पण जत्रेच्या नाटकात क्रांतिकारक तोच! त्यात फौजदाराचं काम करणारा नट आंबेनळी घाटात अडकलेला. देवीला बोललेलं नाटक मोडायचं कसं? गावातली म्हातारी ठमाबाई साहेबांना म्हणाली, "ने रे त्याला, नाटक झाल्यावर ने. तवर तूच हो फौजदार. कपडं तर हायतच अंगावर!"

साहेब तयार झाले. तिसऱ्या अंकात फौजदार देशासाठी कैद्याला सोडतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलंच नाही.

पुठ्ठ्याची बेडी दुसऱ्या अंकात फाटली. साहेबांनी स्वतःची खरी घातली. आला तिसरा अंक. मी विंगेतून सांगतोय, "जा वीरा, मातृभूमी वाट पाहतेय!" साहेब बेडीकडे बघतायत. मी पुन्हा सांगितलं. ते मान न वळवता पुटपुटले, "अरे, हा खरंच पळेल ना!"

समोरून ठमाबाई ओरडली, "सोड की रं मेल्या! देशाचं काम हाय!"

तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला भारतमाता, आणि समोर ठमाबाई.

साहेबांनी किल्ली काढली. भिकू सुटला तो प्रेक्षकांतून थेट जंगलात. साहेब मागून ओरडले, "भिक्या, सोमवारी कोर्टात ये रे!" केवढ्या टाळ्या! लोकांना वाटलं, नाटकातलंच वाक्य आहे.

त्यापायी साहेबांनी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. अख्ख्या नोकरीत तेवढं एकच वॉरंट तसंच राहिलं. मागच्या आठवड्यातही म्हणाले, "नाटकाचं वाईट नाही वाटत रे स्वराज. भिकूचं काम माझ्या हातून राहून गेलं, ते टोचतं."

असो. माझ्यासारख्याच्या हाती माइक देण्याचं धाडस केल्याबद्दल मंडळाचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला ओरखडा लागला असेल तर पोटात घाला, आणि...

थांबा. मंडळाच्या ज्योतीताई दाराकडून खूण करतायत. कोण आलंय? भिकू?

मंडळी, भिकूच आहे! काय म्हणतोस? मोठ्यानं बोल, साहेबांना ऐकू दे.

"सायेब, उद्यापास्नं दुसरा कोनतरी येनार. मला न्यायचं तर आज तुमीच न्या."

काकू, रडू नका. मंडळी, वाट द्या जरा. साहेब हार काढून उठलेत.