देलमास दमला की थांबला

(लालबागमधल्या एका चाळीचा जिना. सकाळची सायकलफेरी आटोपून शिवा आणि अच्युत परतलेत. दोघांचीही साठी उलटलेली. शिवाची खोली चौथ्या मजल्यावर.)

शिवा : थांबला तो! दमला नाही, थांबला. फरक आहे की नाही?

अच्युत : अरे, काल संध्याकाळी टीव्हीवर ती सायकल शर्यत सगळ्या जगाने पाहिली. शेवटच्या घाटात पुढच्यांनी वेग वाढवला आणि देलमास मागे पडला. अडतिशी गाठलेला माणूस फ्रान्सच्या त्या डोंगरात कधीतरी मागे पडणारच. त्याचा फॉर्म गेलाय, आणि हे मी आवडीने म्हणत नाहीये.

शिवा : मग तो मागे वळून का बघत होता? दमलेला गडी मागे बघत नाही रे, पुढच्याच्या चाकाकडे बघतो. त्याच्याच टीमचा तो हाल्टन मागे झोकांड्या खात होता. त्याच्यासाठी थांबला. दे ती सायकल इकडे.

अच्युत : मी घेतो.

शिवा : माझी सायकल, माझा जिना. तुझी खाली कुलूप लावून ठेवलीस ना? मग झालं.

अच्युत : तुझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत. तू सायकल खांद्यावर घेऊन वर आलेलं रमावहिनींनी पाहिलं, तर पोहे तुलाही मिळणार नाहीत आणि मलाही.

शिवा : घे बाबा, घे. वर्ष झालं, घरातले सगळे माझ्याकडे गॅसवर ठेवलेल्या दुधासारखं बघतात. आता तू पण त्यांच्यात. कंटाळा आला रे या सगळ्याचा.

अच्युत : कंटाळा सगळ्यांनाच आलाय. या उकाड्यात रात्रभर झोप नाही, सकाळी उठून पुन्हा शिवडीपर्यंत पाय मारायचे. का मारतो आपण, देव जाणे.

शिवा : रविवारसाठी मारतो. मी तरी. रविवारी बोरघाट चढलो की माझं झालं. पुढे मग तुमची वहिनी म्हणेल तर कॅरम खेळेन.

अच्युत : हं. त्या रविवारबद्दलच मला जरा बोलायचं होतं तुझ्याशी.

शिवा : आधी देलमासचं मिटव. तो विषय बदलायची तुझी ही जुनी खोड आहे.

अच्युत : मिटवतो. हे बघ, गेल्या वर्षी अशाच चढावर तो सीटवर बसून, अगदी शांतपणे सगळ्यांना मागे टाकत होता. काल पहिल्या वळणापासून उभा राहून पाय मारत होता. खांदे हलत होते. याला फॉर्म जाणं म्हणतात. तू भावनेने बघतोस.

शिवा : आणि तू टीव्हीवरचे आकडे बघतोस. माणूस कुठे बघतोस? थांब, हा पहिला मजला झाला. टेकवायची का सायकल?

अच्युत : नको, चल.

शिवा : आपला नियम लावायला हवा होता काल. कोणीतरी देलमासच्या बाजूला जाऊन विचारायचं, काय राव, आज जेवायला काय? पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर गडी ठीक. नुसतं 'हो', 'नाही', 'बरं' आलं, तर तो खल्लास. मग सगळ्यांनी हळू व्हायचं.

अच्युत : त्याला मराठीत कोण विचारणार?

शिवा : फ्रेंचमध्ये विचारा ना. फ्रेंच लोक तर घाटात पण लांबलचक बोलत असतील. बोरघाटात आपल्या ग्रुपमधल्या देवदत्तचं काय झालेलं, आठवतं? मी विचारलं, बाबा रे, दम लागला का? तर म्हणे 'छे'. एवढंच. पुढच्या वळणावर गटारात उलटी.

अच्युत : आठवतं. तू चहा पाजलास त्याला.

शिवा : आणि तेव्हापासून नियम पक्का झाला. आकडे नाहीत, मशीन नाही. वाक्य बोल आणि पुढे जा. जरा जपून हां इथे, ही पायरी तुटकी आहे. मालक कधी दुरुस्त करणार नाही, आणि बिल्डर म्हणतो आता पाडायचीच आहे तर कशाला.

अच्युत : दिसली.

शिवा : हीच ती पायरी. गेल्या वर्षी मला खुर्चीत बसवून खाली नेलं, तेव्हा इथेच शेजारच्या भिवाचा पाय घसरला. पुढचा डावा पाय तू धरला होतास ना खुर्चीचा?

अच्युत : उजवा.

शिवा : उजवा काय. गॅलरीत सगळी चाळ उभी होती. आमच्याकडे खुर्चीतून उतरतो तो म्हातारा, हे ठरलेलं. माझे बाबा तसेच उतरले, समोरच्या जाईबाई तशाच उतरल्या. मी परत चालत वर आलो, पण लोकांच्या डोक्यात मी अजून खुर्चीतच आहे. म्हणून मला घाट चढायचाय. खंडाळ्याला पोचलो की एक फोटो काढायचा आणि खाली नोटीस बोर्डावर लावायचा. हसतोस काय?

अच्युत : नाही.

शिवा : बोल मग. देलमासचं काय म्हणत होतो आपण? हां, थांबला. मला सांग, खरंच दमला असता तर हाल्टनशी बोलला असता का? कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होतं. बाजूला जाऊन काहीतरी बोलत होता, पाठीवर हात ठेवला, बाटली दिली. बोलता येत होतं म्हणजे दम होता. बरोबर?

अच्युत : असेल.

शिवा : असेल? तू 'असेल' म्हणालास? चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे पटलं तुला.

अच्युत : नाही.

शिवा : मग बोल ना! गप्प कसला बसलास? दादरची माणसं तुम्ही, हरायला लागलात की गप्प. आमच्याकडे हरणारा जास्त ओरडतो.

रमाबाई : (वरून) अवो, आयलात काय? पोहे थंड होतत!

शिवा : आलो गो! तिसऱ्या मजल्यावर आहोत! सायकल अच्युतकडे आहे, तू ओरडू नको!

रमाबाई : भावजी, तुम्ही कशाला उचललीत हो? शेजारच्या वैभवला हाक मारायची होतीत!

शिवा : ऐकलंस? तुला कसं प्रेमाने विचारते. मला ओरडली असती. बरं, रविवारचं काय बोलायचं होतं तुला? आता बोल. मला माहीत आहे तसं. आपल्या ग्रुपच्या मनूचा चेहरा बघूनच कळलं काल. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, शिवाला आणायचं नाही. आणि सांगायला तुला पाठवलंय. म्हणून सायकल पण उचललीस. गोड बोलून मारायचं.

अच्युत : हो.

शिवा : नुसतं हो? का नाही आणायचं मला? डॉक्टरने हळूहळू चढायला परवानगी दिलीय. रोज तुझ्याबरोबर शिवडीचा पूल चढतो. आज तर तुझ्या आधी पोचलो वर. पोचलो की नाही?

अच्युत : पोचलास.

शिवा : मग? कारण सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. पूर्ण वाक्यात सांग, रविवारी शिवाने का यायचं नाही.

अच्युत : मनू... म्हणाला...

शिवा : काय म्हणाला मनू?

अच्युत : की तुला...

शिवा : अच्युत. इकडे बघ.

अच्युत : काही नाही.

शिवा : सायकल सोड.

अच्युत : एकच मजला...

शिवा : सोड म्हणतो ना! पडू दे, सायकलच आहे. बस. इथेच बस, भिंतीला टेक. तुझा शर्ट बघ, ओला चिंब. आणि हात गार. कुठे दुखतं?

अच्युत : दुखत नाही. जड. छातीत.

शिवा : आणि जबडा?

अच्युत : थोडा.

शिवा : कधीपासून?

अच्युत : पुलावर. आज.

शिवा : आजच?

अच्युत : परवा पण.

शिवा : परवापासून! आणि मी आज पुलावर तुला मागे टाकलं म्हणून छाती फुगवून आलो. घरी मधुराला सांगितलंस? स्वतःच्या लेकीला तरी सांगायचंस.

अच्युत : नाही. सगळे... तुझ्याकडे... बघत होते.

शिवा : अरे देवा. मी पण माझ्याचकडे बघत होतो रे. आणि उरलासुरला त्या देलमासकडे. तू 'असेल' म्हणालास तेव्हाच कळायला हवं होतं मला. तू आणि 'असेल'! मला वाटलं, मी जिंकलो. रमा! ए रमा!

रमाबाई : काय झाला? तुमच्या छातीत...?

शिवा : मी बरा आहे! अच्युत! अच्युतला होतंय! खाली ये, पाणी नको, खुर्ची आण! भिवाला आणि वैभवला हाक मार, आणि कोणाला तरी नाक्यावर पाठव, टॅक्सी थांबवून ठेव!

रमाबाई : भावजींना? अगो बाई. अवो भिवाऽ! वैभवऽ! येवा रे धावत! लाकडी खुर्ची घेवा, ती हातांची!

अच्युत : खुर्ची नको.

शिवा : मी पण हेच म्हणालो होतो. तू ऐकलं होतंस माझं?

अच्युत : नाही.

शिवा : मग? चूप बस. परळला हॉस्पिटलात पोचायला वेळ लागणार नाही, सकाळचा रस्ता मोकळा आहे. मी बरोबर आहे. मधुराला मी फोन करतो, घाबरणार नाही असं सांगतो. बोलत राहा माझ्याशी. छोटं बोललास तरी चालेल. नियम आज बंद.

अच्युत : शिवा.

शिवा : बोल.

अच्युत : मला भीती वाटते.

शिवा : हां. मला पण वाटली होती. खुर्चीत बसल्यावर सगळ्यात जास्त. अजून वाटते रोज, हा जिना चढताना. कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. आणि तरी बघ, बसलोय ना इथे तुझं डोकं खात?

रमाबाई : भावजी, हात द्या माझ्या हातात. श्वास घ्या, हळूहळू. अवो, तुम्ही बाजूला व्हा, खुर्ची येऊ दे. आणि तुम्ही उचलायचं नाही हां. हात लावलात तर बघा.

शिवा : नाही लावत गो. मी पुढे चालतो फक्त. भिवा, तू मागचे दोन पाय धर. वैभव, तू पुढे. अच्युत, मान मागे टेक. डोळे मिटायचे नाहीत.

अच्युत : रविवारी...

शिवा : रविवारी मी पण जात नाही कुठे. मनूला सांग, तुझा निरोप पोचला. फ्रान्समध्ये रविवारी परत डोंगर आहे, तुझ्या खाटेशेजारी बसून बघू. तू आकडे सांग, मी माणसं सांगतो. चला रे, उचला. सावकाश.

रमाबाई : तुमच्या पोटात काही नाही सकाळपासून...

शिवा : पोहे झाकून ठेव. आल्यावर खाऊ. दोघं खाऊ. बरा आहेस ना, अच्युत?

अच्युत : देलमास... दमलाच होता.

शिवा : मान्य. दमला होता. वैभव, जपून रे, ही पायरी तुटकी आहे.