चार बोटांची चूण

(प्रताप नगरातलं गाड्यांच्या सीटचं दुकान. लाल स्पोर्ट्स कारमध्ये नवी रेसिंग सीट बसली आहे. सीटमध्ये विक्रम, दारातून आत वाकलेली दिपाली. शिलाई मशीनवर तिचे वडील चंद्रभान.)

दिपाली : श्वास सोडा, विक्रमदादा. पूर्ण. पोट आत ओढून बसू नका, शर्यतीत कोणी तसं बसत नाही.

विक्रम : सोडला. आता आवळ... अगं बास, कंबर मोडते!

दिपाली : नाही मोडत. हा पट्टा पोटावर राहिला तर धडकेत आतलं सगळं फाटते. तो खाली, कुल्ह्याच्या हाडावरच बसला पाहिजे. हलून दाखवा.

विक्रम : हलताच येत नाही.

दिपाली : मग जमलं.

विक्रम : सीटही हलत नाही. आधीच्या पोट्ट्यानं बसवली होती, तर ब्रेक मारला की झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटायचं.

दिपाली : त्यानं पत्र्याला नुसते बोल्ट मारले होते. धडक बसली असती तर पत्रा फाडून वर आले असते. मी खालून जाड प्लेटा दिल्या. आणि खांद्याचे पट्टे त्यानं मागं जमिनीला बांधले होते, ते मी गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या आडव्या दांडीला घेतले, खांद्याच्या रेषेत. नाही तर कणाच दाबला गेला असता.

विक्रम : काका, तुमची पोरगी डॉक्टरपेक्षा जास्त घाबरवते.

चंद्रभान : घाबरवू द्या ना जी. चाळीस वर्षं सीटा शिवल्या मी, पण बोल्ट कोणता, हे कोणी विचारलं नाही. ही पुण्याहून शिकून आली, आन आता लोक दुकानात आले का मले म्हणतात, ताई हाय का.

दिपाली : आता खांद्याचे... हा उजवा सरकत नाही. काहून? आणि हे रेक्झिनचं कव्हर कोणी चढवलं यावर?

चंद्रभान : मी. सोमवारी तू प्लेटा आणाले गेली होती ना, तवा. विक्रमभाऊ म्हणे, पट्टा लांब हाय, टोक तोंडावर फडफडते. आपल्या दुकानातून लोंबता पट्टा कधी गेला का वं?

दिपाली : बाबा, कव्हरच्या आत काय केलं?

चंद्रभान : चूण घातली. चार बोटांची, दोन्हीकडे. नायलॉनचा दोरा, तीन वेळा टाका. दिसून राहिलं का कुठं?

दिपाली : आणि लेबल? त्यावर तारीख होती, सूचना होती.

चंद्रभान : ते घाण दिसे. आत घेतलं.

दिपाली : विक्रमदादा, उतरा.

विक्रम : म्हणजे?

दिपाली : पट्टे बाद झाले. उतरा.

विक्रम : दिपाली, उद्या सकाळी सातला गाडी लाइनीत लावायची आहे. सहा महिने घातले मी या एका दिवसासाठी. आता दुसरे पट्टे कुठून आणू?

दिपाली : आज नाही मिळत नागपुरात.

विक्रम : मग राहू दे ना. कव्हरच्या आत आहे, तपासणीवाल्यालाही दिसणार नाही.

दिपाली : मले दिसलं ना. फिटिंगच्या कागदावर मी सही नाही करत.

चंद्रभान : काहून नाही करत? माझा टाका हाय तो! याच दोऱ्यानं शिवलेल्या पट्ट्यानं महादेवरावाचा ट्रॅक्टर चिखलातून काढला होता. तू होती तिथं.

दिपाली : होती. पण ट्रॅक्टर हळूहळू ओढला, बाबा. हे झटक्याचं काम आहे. गाडी भरधाव आदळली तर त्या एका क्षणात दादाचं ओझं टनावर जाते. टाका उसवते. आणि समजा नाही उसवला, तरी सुईनं पट्ट्याचे धागे कापलेच आहेत. तिथून फाटते.

चंद्रभान : उसवते म्हणे! माझा!

दिपाली : तुमचाच. नागपुरात तुमच्यासारखा टाका दुसऱ्या कोणाचा नाही, म्हणून एवढं बोलून राहिले. दुसऱ्याचा असता तर न बोलता फेकून दिला असता.

चंद्रभान : गिऱ्हाइकासमोर बापाले शिकवून राहिली.

दिपाली : जीव गिऱ्हाइकाचा आहे, बाबा. टाका उसवला तर पट्टा किती ढिला होते, तुम्हीच सांगा. हे तर तुमचंच काम आहे.

चंद्रभान : चार बोटांची चूण, म्हणजे दुमडलेलं कापड आठ बोटं...

विक्रम : काका?

चंद्रभान : बसून राहा जी. डोक्यात हेल्मेट घाला, हात स्टिअरिंगवर. टेप धर वं, दिपाली. आता आठ बोटं पुढं या. अजून या.

विक्रम : हेल्मेट स्टिअरिंगला टेकलं, काका.

चंद्रभान : हं. उतरा आता. कैची दे वं.

विक्रम : अहो काका, थांबा, कापू नका!

चंद्रभान : कापलाच. अख्खा पडून राहिला तं उद्या कोणी उचलून लावन. विक्रमभाऊ, उद्याचा दिवस तुमचा माझ्यापायी गेला. लय वाईट वाटून राहिलं मले.

विक्रम : गळ मीच घातली होती, काका. राग आलाय, खोटं कशाला बोलू? पण जिवंत आहे, तेव्हा पुढच्या वेळी जाईन. पण दिपाली, त्या फडफडणाऱ्या टोकाचं करायचं तरी काय असते?

दिपाली : गुंडाळायचं आणि वरून रबराचं कडं चढवायचं.

चंद्रभान : एवढंच?

दिपाली : एवढंच. मले विचारलं असतं तर...

चंद्रभान : नाही विचारलं. पट्टा शिवाचं मी तुले काय विचारू, असं वाटे. अंकुशले फोन लाव.

दिपाली : अंकुश? महादेवरावांचा?

चंद्रभान : त्याचे बी पट्टे मीच शिवून दिले, पोळ्याच्या आधी.

दिपाली : बाबा!

विक्रम : तो उद्या माझ्याच गटात आहे. आता सरावाला निघाला असेल.

दिपाली : द्या, मी बोलते. त्या मालात कंपनीचा दोष निघाला म्हणते, दुकानात आणून दे. तुमचं नाव कुठं येत नाही.

चंद्रभान : आन ज्यानं काही केलं नाही त्याच्यावर ढकलू? दे फोन इकडे. हॅलो, अंकुश, चंद्रभान बोलतो गा. कुठं हायेस? बाजूले घे गाडी. घे आधी, मग बोल... उभी केली? आता ऐक. खांद्याचे पट्टे तू दुकानातून शिवून नेले ना, ते लावून पळवू नको. जिवाचं काम हाय. साधा बेल्ट लाव, हळूहळू इकडे ये. त्या पट्ट्याले शिलाई द्यालेच नाही पाहिजे होती... काय? नाही गा. दिपालीनं नाही. मी शिवले.