भूपेशच्या नावाची हुंकारी

आबाजी : मी काय चोरी केली काय गा? तूच म्हनला, ‘आबाजी, सकाळी आठाले मोबाईलसमोर बसा, माह्यं नाव पुकारलं का बटन दाबून हजर म्हना.’ मी म्हनलो हजर.

भूपेश : हजर म्हणून चूप बसाचं होतं ना! तुम्ही तर चार महिन्यांपासून ऑनलाइन तासाला सरांच्या प्रत्येक वाक्याला ‘हं... वा!... मंग?’ करून राहिले!

आबाजी : मंग काय करू? महाराज उभे राह्यले, अन् धृपद झेलाले मागं कोनी नसलं, तं कीर्तन रंगन काय? तुह्या सरायचा आवाज गोड हाये. पन साठ पोरं मुके! एकटाच बोलून राह्यला होता बिचारा.

भूपेश : अन् तास संपला का मोबाईलले बुक्का कोण लावते? कॅमेऱ्यावर काळं धुकं येऊन राहिलं माझ्या.

आबाजी : महाराजाले बुक्का लावल्याबिगर उठाव काय?

भूपेश : आबाजी, दहा मिनिटांत माझी तोंडी परीक्षा आहे! साठ पोरांत सरांना एकच नाव पाठ आहे, भूपेश. कालचा मेसेज ऐका. ‘कॅमेरा सुरू ठेव, तुझ्याशी मनसोक्त बोलायचं आहे.’ नापास झालो तर वर्ष गेलं माझं.

आबाजी : तं बोल मनसोक्त.

भूपेश : काय बोलू? मले विषय... थांबा, ग्रुपवर पाहतो. हां. समाजशास्त्र.

आबाजी : अन् तू रोज सक्करदऱ्याच्या तलावावर जाऊन काय करत होता?

भूपेश : रील बनवत होतो.

आबाजी : कायची?

भूपेश : ...‘मन लावून अभ्यास कसा करावा’. अकराशे लोकं पाहतात.

आबाजी : अन् ते करतात अभ्यास?

भूपेश : ते मले काय माहीत? लाइक करतात. तुम्ही असं करा, दाराआड बसा. सरांनी विचारलं का हळूच सांगा.

आबाजी : ते नाही जमाचं. आयकाले बसनं येगळं. महाराजाले फसवाले बसनं येगळं.

भूपेश : ते महाराज नाहीत, आबाजी! तासाच्या हिशोबानं ठेवलेले सर आहेत!

(मोबाईल वाजतो. पडद्यावर सर.)

सर : नमस्कार भूपेश! अरे, तू तर अगदीच तरुण आहेस. आवाजावरून मला वाटायचं... असो.

भूपेश : सर्दी होती, सर.

सर : चार महिने?

भूपेश : जुनी सर्दी आहे, सर.

सर : बरं, सोपं विचारतो. आधुनिक समाजात माणूस गर्दीत असूनही एकटा का पडतो? त्या दिवशी तू इतवारी बाजाराचं फार सुंदर उदाहरण दिलंस. तेच सांग.

भूपेश : इतवारी... म्हणजे सर, इतवारीत गर्दी असते.

सर : हं.

भूपेश : अन् गाडी लावाले जागा नसते.

सर : पुढे?

भूपेश : सर, आवाज तुटून राहिला.

सर : मला स्पष्ट येतोय. तुझ्या मागे आत्ता कोणीतरी ‘अरे रामा’ म्हणालं, तेही स्पष्ट आलं.

आबाजी : नमस्कार, सरजी. मी ईश्वरदास. याचा आजा. तो आवाज माहा होता.

भूपेश : आबाजी!

आबाजी : जाऊ दे गा. तोंडावर खोटं नाही बोलवत मले.

सर : म्हणजे... इतवारीचा तो दुकानदार?

आबाजी : माह्याच गोष्टीतला. उमरेडहून लुगडे घेऊन इतवारीत विकाले याचो मी. दुकानदार आधी पानी द्याचा, मंग पोरीच्या सोयरिकीचं विचाराचा, मंग भावाचं. आता मोबाईलले बोट लावलं का लुगडं घरी येते. आननारा पोरगा दारात घामानं भिजून उभा, अन् त्याले पानी कोनी विचारत नाही. थो नंबर विचारते, आपन नंबर सांगतो.

सर : हे मी कॉलेजच्या अहवालात लिहिलंय. ‘विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.’ प्राचार्य म्हणत होते, वर्गात कोणी बोलतच नाही तर सर कशाला, रेकॉर्डिंग लावून देऊ. मी भूपेशचं नाव पुढे केलं. म्हणून रेकॉर्डिंग टळलं.

भूपेश : म्हणजे सर, माझं नाव तुमच्या कामी आलं!

सर : आलं.

भूपेश : मग मार्क...

सर : शून्य.

भूपेश : सर, पण अहवाल? रेकॉर्डिंग?

सर : अहवाल दुरुस्त करीन. पुढे माझं काय व्हायचं ते होईल. महिनाभरानं तुझी फेरपरीक्षा घेतो. तोवर प्रत्येक तासाला स्वतः बसायचं.

आबाजी : बराबर हाये.

भूपेश : तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात, आबाजी?

सर : बाबा, एक विचारू? मी शिकवायचो ते सगळं समजायचं तुम्हाला?

आबाजी : नाही जी. अर्धं डोक्यावरून जाये. थे इंग्रजी नावं तं पुरीच.

सर : मग ‘वा’ का म्हणायचात?

आबाजी : तुमी मधातच थांबाचे ना जी, अन् विचाराचे, ‘येतोय ना आवाज?’ कोनीच बोलत नव्हतं.

सर : ...सोमवारी आठला तास आहे, बाबा.

भूपेश : मी बसणार आहे ना सर, सोमवारी.

सर : हो. तूही बस.